आमची वाटचाल : फ्लफीला जादा भाव नाही

पूर्वी आमच्याकडे फोन आला की पहिला प्रश्न असायचा, ‘पिल्लाचे पेपर, म्हणजे वंशावळीचा दाखला, आहेत का?’ आता असतो, ‘ताई, फ्लफी आहे का? ती रेअरवाली?’ फ्लफी म्हणजे लांब, मऊ केसांचं कॉर्गी पिल्लू.

सासवडजवळ आम्ही नवरा-बायकोने सुरुवात केली ती बोर्डिंगने. सुट्टीत गावाला जाणाऱ्या पुणेकरांची कुत्री सांभाळायची, एवढंच. त्यात हळूहळू पेम्ब्रोक कॉर्गीचं वेड लागलं आणि आम्ही त्यांची पैदास करू लागलो. आखूड पायांचं, मोठ्या कानांचं, बसक्या अंगाचं हे कुत्रं मूळ वेल्समधलं, गुरं हाकणारं. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथमुळे ते जगाला माहीत झालं. अठराव्या वाढदिवसाला, 1944 मध्ये, तिला भेट मिळालेली सूझन पेम्ब्रोकच होती. पण माझ्या डोक्यात कॉर्गी म्हटलं की राजवाडा येत नाही, पावसाळी कुरणातला चिखल येतो. आमचा धंदा ज्या एका मुद्द्यावर उभा आहे, तो तिथूनच निघतो.

या कुत्र्याला केसांचे दोन थर. वरचा सरळ, मध्यम लांबीचा, जरा राठ. आतला दाट, मऊ. पाणी वरच्या वर झटकलं जातं, अंगाला ऊब राहते. फ्लफी पिल्लाचे केस लांब आणि मऊ असतात. कानांवर, छातीवर, पायांमागे झालरी येतात. फोटोत फार गोड दिसतं. मात्र असे केस पाणी धरतात, चिखल धरतात. म्हणून शो रिंगमध्ये, म्हणजे श्वानप्रदर्शनात, फ्लफी हा दोष. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीपासून चार बोटांवर असलेल्या त्या पोटाखाली केसांच्या गाठी होतात, ओल राहते, त्वचा लाल होते. सांभाळायला हरकत नाही, पण रोज कंगवा हवा.

हे केस येतात एफजीएफ5 नावाच्या जीनच्या बदललेल्या रूपातून. आई-बाप दोघंही दिसायला नेहमीच्या केसांचे असतात आणि दोघांतही तो बदललेला जीन लपलेला असतो. असं जोडपं जुळलं की प्रत्येक पिल्लू फ्लफी निघण्याची शक्यता चारात एक. गालाच्या आतून काढलेल्या नमुन्यावर डीएनए चाचणी होते, त्यामुळे हा आता नशिबाचा भाग राहिलेला नाही. मेटिंग ठरवण्याआधी आम्ही दोघांचेही रिपोर्ट बघतो. जीन वाहणारा नर आम्ही लगेच बाद करत नाही. त्याची छाती-खांदे उत्तम असतील तर त्याला स्वच्छ रिपोर्टच्या मादीशी जुळवतो, म्हणजे फ्लफी होतच नाही. एका जीनपायी चांगला सांगाडा घालवणं मला पटत नाही. मुद्दाम दोन फ्लफी जोडून ‘रेअर’ म्हणून दुप्पट भावाने विकणं तर अजिबातच नाही. आमच्याकडे चुकूनमाकून फ्लफी निघालं तर ते घरगुती पिल्लाच्याच दराने जातं आणि पावतीवर ‘लांब केस, शोसाठी नाही’ असं लिहिलेलं असतं. यावरून गिऱ्हाईक तुटलंय. तुटू दे.

चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाच्या कानांमागे आणि बोटांच्या फटींत बघितलं की फ्लफी बहुतेक कळतं. बाकीच्या गोष्टींना मात्र धीर लागतो. कपाळावरचा रुंद पांढरा पट्टा डोकं वाढतं तसा अरुंद होत जातो, त्यामुळे लहानपणी तो बघून नाक मुरडू नये. सेबल (लालसर केस, टोकं काळी) पिल्लाच्या तोंडावरचा काळेपणा बराचसा ओसरतो. पाठीवरचा पांढरा डाग मात्र जात नाही, आणि तो रिंगमध्ये चालत नाही. जवळजवळ पांढरंच अंग किंवा निळसर धुरकट छटाही चालत नाही. लाल, सेबल, फॉन (फिकट बदामी) आणि ट्रायकलर (काळा-तांबूस-पांढरा) हे रंग ठीक. (ट्रायकलरला कमी लेखणारे लोक का आहेत, देव जाणे. मला तोच सगळ्यात आवडतो.)

आठ आठवड्यांना पिल्लू टेबलावर उभं करतो. पाठ सपाट आहे का, पुढचे पाय छातीला कवेत घेतल्यासारखे बसलेत का, दात कात्रीसारखे जुळतात का, नराची दोन्ही वृषणं उतरलीत का, ते बघतो. मग जमिनीवर सोडून चाल बघतो. टेबलावर देखणं वाटलेलं पिल्लू चालताना कोपरं बाहेर फेकतं, तेव्हा नवरा वहीत काहीच न लिहिता पान उलटतो. कान उभे राहिलेले असले तरी दात बदलताना, चौथ्या महिन्याच्या आसपास, परत पडू शकतात. म्हणून ‘शो क्वालिटी’ असा शब्द आम्ही आठ आठवड्यांना देत नाही, ‘आशा आहे’ एवढंच म्हणतो. ज्याला खात्रीचं हवं त्याने दात बदलेपर्यंत थांबावं आणि तोवरच्या खाण्या-लसींचा खर्च धरून जास्त पैसे मोजावेत. इथे जादा भाव मला रास्त वाटतो.

2017 च्या केंद्राच्या नियमांनी राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी, मायक्रोचिप, आठ आठवड्यांच्या आत विक्री नाही, मादीला वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, हे सगळं सक्तीचं केलं. रजिस्टरं वाढली. आमच्यासारख्या लहान केनेलला त्याचा फायदाच झाला, कारण गिऱ्हाईक आता ती रजिस्टरं मागून बघतं.

मे महिन्यात ‘उकडतंय, भादरून टाकू का?’ असे फोन येतात. भादरू नका. केसांचा तो दुहेरी थर उन्हापासूनही राखतो. मेलेले आतले केस विंचरून काढा, फरशी ओली करून द्या, दुपारी फिरवू नका. केस तर बाराही महिने गळणार, ते आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो. काळा सोफा असेल तर दुसरी जात बघा.