बायकोची नोकरी आइंडहोवनला, अडकलो मी जन्मदाखल्यात

नेदरलँड्सचा व्हिसा मिळवणं सोपं आहे. निदान आमच्या बाबतीत तरी सोपं गेलं. अवघड होतं ते माझा जन्म झाला आहे हे माझ्याच जन्मगावच्या नगरपरिषदेला इंग्रजीत लिहून द्यायला लावणं. त्या गोष्टीचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

बायकोला 2024 च्या पावसाळ्यात आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. चिप बनवणाऱ्या यंत्रांशी संबंधित काम. मी पुण्यात हिशेबाचं काम करत होतो, ते सोडून तिच्याबरोबर जायचं ठरवलं. नात्यातल्या मंडळींचे प्रश्न, ‘मग तू तिकडे काय करणार?’ वगैरे, इथे सोडून देतो. उत्तर हवंच असेल तर असं: तिथे ‘उच्चकुशल स्थलांतरित’ म्हणून येणाऱ्याच्या जोडीदाराला नोकरी करायला पूर्ण मुभा असते, वेगळं वर्क परमिट लागत नाही. निवास परवान्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला तसं डचमध्ये छापलेलंच असतं. डच भाषेची परीक्षा येण्याआधी द्यावी लागेल अशी भीती मला कुणीतरी घातली होती, तीही या प्रकारात लागत नाही.

अर्ज कंपनीच करते. कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याची, म्हणजे आयएनडीची, मान्यताप्राप्त प्रायोजक असली की दोघांचा अर्ज एकदमच जातो. मंजुरी आली, मुंबईला व्हीएफएसमध्ये, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्रात, बोटांचे ठसे दिले, पासपोर्टवर एमव्हीव्हीचं, म्हणजे प्रवेशाच्या व्हिसाचं, स्टिकर लागलं. यात सांगण्यासारखं काही नाही. एकच लक्षात ठेवा, ते स्टिकर नव्वद दिवसांचं असतं. ते लागलं की घड्याळ सुरू. ही गोष्ट मला तेव्हा फार मोठी वाटली नव्हती.

कंपनीने नेमलेल्या स्थलांतर सल्लागार बाईंची यादी मात्र आधीच आली होती. विवाह नोंदणीचा दाखला अपोस्टिलसह, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आपलं सरकार त्यावर लावतं त्या प्रमाणीकरणासह. आणि तिथल्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेंतेमध्ये, नोंदणी करण्यासाठी दोघांचे जन्मदाखले, मूळ प्रत, अपोस्टिलसह. इंग्रजीत, किंवा मग मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर करून. विवाहाचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत होता. बायकोचा जन्म पुण्याचा, तिचा दाखला संगणकावरचा, स्वच्छ, क्यूआर कोडसकट. राहिलो मी.

आईने कपाटातून माझा दाखला काढून दिला. पिवळा पडलेला, हाताने लिहिलेला, फक्त मराठीत. आणि ‘बाळाचे नाव’ या ओळीपुढे एक आडवी रेघ.

हे माझ्या एकट्याचं दुर्दैव नाही. त्या काळात जन्मलेल्या शेकडो लोकांच्या दाखल्यावर ती रेघ असेल. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, म्हणून दवाखानाच ती परस्पर कळवून टाकायचा. आपल्याकडे नाव ठेवणार बारशाला, आणि आमच्या आत्याला येता आलं नाही म्हणून बारसंही पुढे गेलेलं. नोंद झाली, मुलगा, आईबापाचं नाव, तारीख, दवाखाना. नाव नंतर टाकायचं असतं हे कुणाला माहीत? शाळेत घालताना कोणी दाखल्यावर नाव बघितलं नाही, दहावीला नाही, पासपोर्टलाही नाही. तिथे शाळा सोडल्याचा दाखला चालला. सगळं आयुष्य निघालं त्या रेघेवर.

कायद्यात सोय आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969, कलम 14. नावाशिवाय झालेल्या नोंदीत नंतर नाव घालता येतं. मुदत पंधरा वर्षांची, पण जुन्या नोंदींसाठी राज्यात मुदतवाढ मिळत आली आहे. तुमची केस असेल तर सध्या मुदत सुरू आहे का हे आधी विचारून घ्या, मगच बाकीची धावपळ करा. हे मी शेवटी लिहायला हवं होतं की आधी, कळत नाही. पण विचारा.

तर नगरपरिषदेत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून नातेवाईक राहतात. जन्म-मृत्यू विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि मागे लोखंडी कपाटं. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, ‘एवढ्या वर्षांनी कशाला पाहिजे?’

म्हटलं, परदेशी जायचंय.

‘नोकरी लागली?’

‘बायकोला लागली.’

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा शेजारच्या टेबलाकडे बघितलं. ‘मग तुमचा दाखला कशाला?’

अर्ज घेतला. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्टची प्रत, वडिलांचं आधार आणि प्रतिज्ञापत्र. सुदैवाने मास्तरांनी माझी जन्मतारीख 1 जून लावलेली नव्हती. माझ्या वडिलांची तशीच आहे, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाची आहे. शाळेची तारीख आणि नगरपरिषदेच्या नोंदवहीची तारीख जुळली नसती तर मी आजही तिथेच असतो.

प्रतिज्ञापत्राचा मजेशीर भाग असा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क 2004 मध्येच माफ झालेलं आहे. साध्या कागदावर चालायला हवं. भाऊसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘आमच्याकडे स्टॅम्पवरच घेतात.’ बाहेर व्हेंडरकडे गेलो तर शंभराचा स्टॅम्प पेपर नुकताच बंद झालेला. ऑक्टोबर 2024 च्या मध्यापासून किमान पाचशेचा. म्हणजे जिथे शून्य द्यायचे तिथे पाचशे. वाद घालायला वेळ असता तर घातला असता. दिले.

आता खरी गंमत. आचारसंहिता लागली. विधानसभा निवडणूक, 20 नोव्हेंबरचं मतदान. त्याआधी दिवाळी. भाऊसाहेब निवडणूक प्रशिक्षणाला. त्यांच्या जागी कुणी नाही. टेबलावर संगणक झाकलेला, आणि शिपाईमामा खुर्चीत बसून पेपर वाचतायत. ‘साहेब ट्रेनिंगला,’ एवढंच. कधी येणार? ‘ट्रेनिंग झाल्यावर.’ बरोबरच होतं म्हणा.

मला निवडणुकीबद्दल तक्रार नाही. लोकांना कामाला लावतात, लावावंच लागतं. पण पंचवीस-तीस हजार लोकवस्तीच्या गावात जन्म-मृत्यूचं टेबल बंद ठेवताना कुणाच्याच मनात येत नाही की या काळातही माणसं जन्मतात आणि मरतात? माझ्या पुढे एक बाई सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी उभी होती, विम्याच्या पैशासाठी. तिच्यापुढे माझं काम म्हणजे चैनच. तीही परत गेली.

पुण्याहून एसटीने जायचं, टेबल रिकामं बघायचं, परत यायचं. एकदा फोन करून गेलो. फोन उचलला, ‘या’ म्हणाले. गेलो तर जुनी नोंदवही दुसऱ्या इमारतीत, रेकॉर्ड रूममध्ये, आणि किल्ली ज्याच्याकडे तो माणूस मतदान यंत्रांच्या बंदोबस्तावर. त्या दिवशी मी नगरपरिषदेच्या पायरीवर बसून बायकोला फोन केला आणि म्हणालो की तू एकटीच जा. ती म्हणाली, जेवलास का? नव्हतो जेवलो. एवढाच उपयोगी सल्ला मला त्या महिन्यात मिळाला.

मार्ग काढला तो शिपाईमामांनी, हे मान्य करायला हवं. त्यांनी सांगितलं की अर्ज टेबलावर ठेवून जाऊ नका, आवक विभागात द्या आणि शिक्का मारून पोच घ्या. पोच असली की अर्ज हरवत नाही आणि मुख्याधिकाऱ्यांकडे तक्रार करताना हातात कागद असतो. पहिल्याच दिवशी मला हे कुणी सांगितलं असतं तर! कुठल्याही कार्यालयात आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. नुसता ‘ठेवून जा’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी ‘कुठला अर्ज?’ विचारतो.

पोच घेऊन मुख्याधिकाऱ्यांना भेटलो. त्या निवडणुकीच्या कामातच होत्या, तरी ऐकून घेतलं आणि मतदानानंतर लगेच काम करायला लावलं. निकालानंतरच्या आठवड्यात नोंदवही उघडली. लाल शाईत शेरा मारला, त्याखाली निबंधकांची सही. त्या जुन्या ओळीत माझं नाव आलं. मग संगणकावर नोंद. इथे शेवटचा खोडा: इंग्रजीत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं टाकलं होतं. मी छापायच्या आधी पडद्यावर वाचलं म्हणून कळलं. भाऊसाहेब म्हणाले, ‘मराठीत बरोबर आहे ना?’ म्हटलं, बरोबर आहे, पण डच लोक मराठी वाचत नाहीत. बदललं. प्रिंट काढण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून घ्या. एकदा छापून सही झाली की दुरुस्तीचा अर्ज वेगळा, आणि तो परत त्याच टेबलावर.

ज्यांची नोंदच सापडत नाही त्यांची वाट निराळी आहे. आधी नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, मग दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने उशिराची नोंद. ते माझ्या अनुभवातलं नाही, पण जायचं ठरत असेल तर नोकरीची ऑफर यायच्याही आधी घरातले सगळे जन्मदाखले काढून बघा एवढं नक्की सांगेन.

मूळ प्रती एकापेक्षा जास्त घ्या. पैसे नाममात्र असतात. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की पहिलं काम तेच. लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर अपोस्टिलचं स्टिकर लागत नाही, दुसरी प्रत काढावी लागते. बायकोच्या मावसबहिणीचं तेच झालं होतं.

अपोस्टिल त्या मानाने काहीच नाही. आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मंत्रालय कागद थेट आपल्याकडून घेत नाही, त्यांनी नेमलेल्या संस्थांमार्फतच जावं लागतं. सरकारी शुल्क दाखल्यामागे पन्नास रुपये. एजंट जे काही हजार सांगतात ते धावपळीचे आणि आपल्या घाईचे. माझी घाई त्यांना चेहऱ्यावर दिसत होती, म्हणून घासाघीसही करता आली नाही. दिल्लीच्या एसडीएमकडून, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडून, करून देतो, लवकर होतं, असं काही जण सांगतात. मी मुंबईतूनच राज्याचा शिक्का घेतला. उगाच तिकडे कुणी शंका काढली तर परत नगरपरिषद दिसायला नको.

बायको डिसेंबरच्या सुरुवातीला गेली होती. मी स्टिकरची मुदत संपायच्या आत पोचलो, तेवढं पुरेसं आहे.

तिथलं सगळं वेळ ठरवून होतं. चार महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर पोचल्यापासून पाच दिवसांत खेमेंतेत नोंदणीला जायचं असतं, त्यामुळे भेटीची वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. घर घेताना घरमालक त्या पत्त्यावर नोंदणी करू देतो का ते आधी लेखी विचारा. काही घरं स्वस्त दिसतात ती याच कारणासाठी, तिथे नोंदणीला परवानगी नसते. नोंदणी नाही तर बीएसएन, म्हणजे तिथला नागरिक सेवा क्रमांक, नाही, आणि तो नाही तर बँक, विमा, पगार सगळंच लटकतं.

काउंटरवरच्या मुलीने माझा जन्मदाखला उलटून अपोस्टिल बघितलं, स्कॅन केला, परत दिला. मला तिने एक प्रश्नही विचारला नाही. मी तिला त्या लाल शाईबद्दल सांगायच्या तयारीत होतो, पण तिने पुढचा क्रमांक बोलावला.

बाकी आठवेल तसं. भारतीयांना पोचल्यावर तीन महिन्यांत क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते, छातीचा एक्स-रे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आरोग्य विमा चार महिन्यांत घ्यायचा, पण हप्ता नोंदणीच्या तारखेपासूनचा मागून वसूल करतात, म्हणून थांबून पैसे वाचतात असं समजू नका. दोघांचा वेगवेगळा असतो. 2025 मध्ये पहिल्या 385 युरोंपर्यंतचा खर्च आपल्याच खिशातून जात होता. फॅमिली डॉक्टरकडे जाण्याला मात्र हे लागू नाही.

आणि गाडी चालवत असाल तर भारतातलं मूळ लायसन्स बरोबर आणा, मुदत संपत आली असेल तर भारतातच नूतनीकरण करून. नोकरी करणाऱ्याला परदेशातून आलेल्या कुशल नोकरदारांसाठीची तीस टक्क्यांची करसवलत मिळाली की त्याला आणि त्याच पत्त्यावर राहणाऱ्या जोडीदारालाही परीक्षा न देता डच लायसन्स बदलून मिळतं. हे मला इथे भेटलेल्या एका सोलापूरकराने सांगितलं, आधीच्या कुठल्याच यादीत नव्हतं. इथे नव्याने शिकून परीक्षा द्यायची तर हजारो युरो जातात. माझं लायसन्स बदलून आलं. बायकोचं पुण्यातच राहिलंय, सासऱ्यांच्या कपाटात, लॅमिनेट केलेल्या आधारकार्डाशेजारी. पुढच्या महिन्यात कुणी येणार असेल तर पिशवीत टाकून आणायला सांगितलंय.