कुंपणासाठी वेगवेगळ्या मापांचे पाइप: कापणे आणि जोडणे

बोअरवेलमध्ये पंप टांगणारे आणि पाणी वर आणणारे कॉलम पाइप प्लॅस्टिकचे वापरणे रुळल्यापासून जुन्या लोखंडी पाइपांचे ढीग गोठ्यामागे आणि भंगाराच्या दुकानांत साचू लागले. आमच्या आंब्याच्या बागेचे कुंपण अशाच पाइपांतून उभे राहिले. हा माल किलोवर मिळतो आणि नव्या पाइपाच्या मानाने बराच स्वस्त पडतो. मात्र तो एका मापाचा कधीच नसतो. त्यामुळे ग्राइंडर हातात घेण्याआधी कोणता पाइप कोणत्यात शिरतो आणि कोणता कोणाला टेकतो, हे ठरवणे हेच या कामातले खरे काम आहे, असे माझे मत झाले आहे.

आपण एक इंची, सव्वा इंची, दीड इंची, दोन इंची अशा नावांनी पाइप मागतो, पण मोजायला गेल्यास बाहेरचा व्यास या नावांशी जुळत नाही. अशा पाइपांसाठीच्या भारतीय मानक 1239 प्रमाणे तो अनुक्रमे 33.7, 42.4, 48.3 आणि 60.3 मिलिमीटर असतो. हलका, मध्यम आणि जड या तिन्ही प्रकारांत बाहेरचे माप जवळपास तेच राहते. बदलते ती भिंतीची जाडी आणि तिच्यामुळे आतले माप. नव्या पाइपावर हलक्याला पिवळा, मध्यमला निळा आणि जडला लाल पट्टा असतो. जुन्यावर तो केव्हाच पुसला गेलेला असल्याने मिलिमीटरच्या अंशापर्यंत जाडी आणि व्यास मोजणाऱ्या व्हर्निअर कॅलिपरला पर्याय नाही.

मध्यम प्रकारच्या सव्वा इंची पाइपाची भिंत 3.2 मिलिमीटरची, म्हणजे आतले माप 36 मिलिमीटर. त्यात एक इंची पाइप सव्वादोन मिलिमीटर मोकळीक ठेवून सहज सरकतो. त्याच प्रकारच्या दीड इंची पाइपाचे आतले माप 41.9 असल्याने त्यात 42.4 मापाचा सव्वा इंची पाइप अर्ध्या मिलिमीटरसाठी अडतो, आणि घण मारून तो बसवण्याचा खटाटोप दोन्ही पाइपांची तोंडे बिघडवण्यापलीकडे काही साधत नाही. हलक्या प्रकारचा दीड इंची पाइप घेतला तर कागदावर तो बसतो. प्रत्यक्षात आतून उभी धावणारी कारखान्याच्या जोडाची शीर आड येते, ती गोल कानशीने घासावी लागते. बोअरच्या पाइपांचे आटे (फिरवून जोडण्यासाठीच्या खाचा) असलेले टोक मात्र आधीच कापून टाकावे, कारण आटे पाडल्यामुळे तिथली भिंत पातळ झालेली असते आणि गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.

सरळ काप घेण्यासाठी सरळ कडेचा जाड कागद पाइपाभोवती घट्ट गुंडाळावा. कागदाची कड स्वतःवर बरोबर जुळली की तीच काटकोनातली रेघ. ग्राइंडरने एकाच बाजूने आरपार न कापता पाइप फिरवत रेघेवरून आधी उथळ खाच पाडावी आणि मग ती खोल करावी.

उभ्या खांबाला आडवा पाइप भिडतो तिथे सरळ काप चालत नाही. दोन इंची खांबाला एक इंची आडवा पाइप जोडायचा असेल, तर त्याच्या टोकाला वर आणि खाली सुमारे 5 मिलिमीटर खोल खोबण काढावी लागते, म्हणजे डावी-उजवीकडचे कान खांबाला कवेत घेतात. त्यासाठी पाइपाच्या 106 मिलिमीटर परिघाएवढ्या कागदाचे 12 सारखे भाग पाडावेत आणि पाइपाच्या वरच्या बाजूला येणाऱ्या रेघेपासून सुरुवात करून प्रत्येक रेघेवर कागदाच्या कडेपासून अनुक्रमे 5.1, 3.9, 1.4, 0, 1.4, 3.9 मिलिमीटर खोली मांडावी. पुढच्या सहा रेघांना हीच मापे पुन्हा येतात. हे बिंदू वक्र रेघेने जोडले की साचा तयार होतो, आणि एकदा पत्र्यावर उतरवून घेतला की सगळ्या बागेला पुरतो. दोन्ही टोकांच्या खोबणी एकाच रेषेत याव्यात म्हणून पाइपावर लांबीभर खडूची रेघ मारून घ्यावी. पाइपाचे टोक ठोकून चपटे करून बोल्ट मारण्याची पद्धत झटपट असली, तरी त्या चपट्या घडीत पाणी साचते आणि जोडाची शीर फाटते. मला ती पसंत नाही.

गंज टाळण्यासाठी या पाइपांवर जस्ताचा थर चढवलेला असतो; वेल्डिंगपूर्वी जोडाच्या दोन्ही बाजूंचा इंचभर थर घासून काढणे आवश्यक आहे. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि लोखंड वितळायला 1,500 अंशांच्या वर तापमान लागते, त्यामुळे न घासलेल्या जोडातून पांढरा धूर निघतो, टाक्यात छिद्रे राहतात आणि वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरू शकतो. दूध प्यायले की हा धूर बाधत नाही अशी पुष्कळांची समजूत आहे. पण धूर फुप्फुसात जातो आणि दूध पोटात. वारा अंगावरून आडवा जाईल असे उभे राहावे आणि मास्क लावावा. अशा पातळ भिंतींना अडीच मिलिमीटर जाडीचा 6013 प्रकारचा वेल्डिंग रॉड पुरतो. आधी चार बाजूंनी छोटे टाके मारून पाइप जागेवर धरावा आणि मगच सगळीकडून वेल्ड पूर्ण करावे.

दोन्ही टोके खांबांना वेल्ड होणाऱ्या आडव्या पाइपात हवा कोंडते आणि तापून फुगलेली ती हवा शेवटच्या टाक्यातून फुसफुसत बाहेर येते. कितीही रॉड जाळला तरी ती जागा बुजत नाही. दुसरे टोक जोडण्याआधी पाइपाच्या खालच्या बाजूला 3 मिलिमीटरचे भोक पाडले की हा प्रश्न सुटतो.

लांब कुंपणात उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. लोखंडाच्या 30 मीटर लांबीत 50 अंशांच्या फरकाने 18 मिलिमीटरची वाढ होते, आणि पहाटेचा थंडगार पाइप व मे महिन्यातल्या दुपारचा हात न लावता येणारा पाइप यांत तेवढा फरक सहज पडतो. म्हणून साधारण दर 30 मीटरला एका गाळ्यात (दोन खांबांमधल्या जागेत) सव्वा इंची पाइपात एक इंची पाइप वीतभर सरकवून, ग्रीस लावून, तो जोड मुद्दाम न वेल्डता सोडावा. बाकी सगळ्या टाक्यांवरची मळी (वेल्डवर जमणारी काळी खपली) ठोकून काढावी, ब्रशने घासून जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि खांबांची वरची तोंडे पत्र्याच्या चकत्यांनी बंद करावीत.