आतून वाचायची पाटी

जर्मनीतल्या वायमारला मी गेले ती अक्षरांसाठी. पाट्या, मथळे, बोधचिन्हं हाच माझा धंदा, तीसेक वर्षं झाली. बाउहाउस ही कला-आरेखनाची शाळा १९१९ साली ज्या गावात सुरू झाली ते गाव एकदा पायी फिरावं, एवढाच बेत होता. भाची तिथे शिकते. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ती म्हणाली, "मावशी, आलीच आहेस तर वर पण जाऊन येऊ. तुझ्या कामाचं आहे तिथे काहीतरी."

वर म्हणजे एटर्सबर्गच्या टेकडीवर, गावापासून आठेक किलोमीटरवर. वर म्हणजे बुखेनवाल्ड, नाझींची छळछावणी.

बस गावातूनच सुटते. शेवटच्या टप्प्यात ती ज्या रस्त्याला लागते तो कैद्यांकडून बांधून घेतलेला आहे. त्याला 'रक्ताचा रस्ता' म्हणतात. आमच्या पुढच्या बाकावर दोन शाळकरी मुलं एकाच मोबाइलवर काहीतरी बघत हसत होती. मला आधी राग आला, मग म्हटलं, रोजच्या बसमध्ये माणसं हसणारच. गाव आणि छावणी यांच्यात अंतर असं नव्हतंच कधी. जुलै १९३७ मध्ये पहिले कैदी आले तेव्हा छावणीला एटर्सबर्ग हेच नाव होतं. त्यावर वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळींनी हरकत घेतली, कारण एटर्सबर्ग म्हटलं की कवी ग्योथे आठवतो. हरकत नावाला होती, छावणीला नाही. मग बुखेनवाल्ड हे नाव ठरलं, म्हणजे बीच झाडांचं जंगल. ऐकायला किती गोड.

फेब्रुवारीचा महिना, वाऱ्याने नाक बधिर झालेलं. फाटकाच्या इमारतीवर एक घड्याळ आहे, कायमचं सव्वातीनला थांबवलेलं. ११ एप्रिल १९४५ च्या दुपारी छावणी मुक्त झाली, त्याची ती वेळ. आणि खाली लोखंडी फाटकात बसवलेले तीन शब्द: येडेम दास झाइने. 'ज्याचं त्याला.' वचन मुळात रोमन कायद्यातलं, न्यायाबद्दलचं. इथे त्याचा अर्थ, तुम्ही याच लायकीचे.

मी सवयीने वही काढली आणि फाटकासमोर उभी राहून अक्षरं उतरवायला लागले. आता अडचणीची गोष्ट सांगते. अक्षरं सुंदर आहेत. टोकांना पाय नाहीत, नक्षी नाही, रेघेची जाडी सारखी, आणि मुख्य म्हणजे दोन अक्षरांमधली जागा. आमच्या धंद्यात अक्षर काढणं कुणालाही जमतं, मधली जागा जमत नाही. इथे ती जमलेली आहे. कुणीतरी मान तिरकी करून, लांबून पाहून, पुन्हा जवळ येऊन ती बसवली असणार. मी मनात "वा" म्हटलं आणि लगेच घसा आवळल्यासारखा झाला.

तो कुणीतरी म्हणजे फ्रांझ एर्लिख. लाइपझिगचा, १९०७ चा जन्म, बाउहाउसचा विद्यार्थी, कम्युनिस्ट. १९३४ मध्ये पकडला गेला, तुरुंगातून १९३७ मध्ये इथे आला. बांधकाम कचेरीत नकाशे काढणारा हवा होता, तिथे त्याला घेतलं. फाटकाचं काम आलं ते त्याच्याकडे. नाझींना गॉथिक वळणाचं प्रेम, बाउहाउसचा तर तिरस्कार; १९३३ मध्ये ती शाळा त्यांच्याच दडपणाखाली बंद पडलेली. आणि याने त्याच शाळेच्या वळणात पाटी काढून दिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पाटी बसली आणि राहिली.

हे त्याचं छुपं बंड होतं असं सांगितलं जातं. असेलही. पण मी पाट्या रंगवणारी बाई आहे, मला दुसरीही शक्यता दिसते. हात जे शिकलाय तेच काढतो. जीव टांगणीला लागलेला असताना समोर कागद आला, पट्टी आली, की हात आपलं वळण विसरत नाही. वाईट काढायचं ठरवलं तरी काढवत नाही. भाचीला हे पटलं नाही. "त्याला कळत नसेल का आपण काय काढतोय?" कळत असणारच. त्याला १९३९ मध्ये सोडलं, पण त्यानंतरही तो त्याच बांधकाम खात्यासाठी काम करत राहिला. युद्धानंतर पूर्व जर्मनीत मोठा वास्तुविशारद झाला, बर्लिनमधलं नालेपाश्ट्रासेचं आकाशवाणी केंद्र त्याचंच, आणि तिथल्या गुप्त पोलिसांना खबरही देत होता. अशा माणसाचा ना पुतळा करता येत, ना त्याला मोडीत काढता येत.

फाटकातून आत गेलं की समोर उताराचं उघडं मैदान. बराकी उरलेल्या नाहीत. त्यांच्या जागा काळसर खडीने दाखवल्यात. या मैदानावर रोज हजेरी व्हायची, कधी तासन्‌तास. मी मागे वळले तेव्हा फाटक बंद होतं आणि शब्द सरळ वाचता आले. भाचीने सांगायची गरज उरली नाही. साधारण पाटी येणाऱ्यासाठी असते, बाहेर तोंड करून. ही आत तोंड करून लावलीय. हजेरीला उभ्या असलेल्या माणसांना वाचता यावी म्हणून.

संग्रहालय जुन्या कोठाराच्या इमारतीत आहे. तिथेही माझं लक्ष अक्षरांवरच. कपड्यावर शिवायचा कापडी त्रिकोण, लाल असेल तर राजकीय कैदी, आणि त्यावर काळ्या शाईत देशाचं एक अक्षर: फ्रेंचांचा एफ, पोलिश लोकांचा पी. पन्नासहून जास्त देशांतली पावणेतीन लाखांवर माणसं या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत डांबली गेली, त्यांतली सुमारे ५६,००० मेली. आठ हजारांहून जास्त सोव्हिएत युद्धकैद्यांना एका जुन्या तबेल्यात उंची मोजायच्या निमित्ताने भिंतीशी उभं करून, मागच्या फटीतून मानेत गोळी घातली. डॉक्टरचा पांढरा कोट घातलेले लोक, मोजपट्टी, सगळं दवाखान्यासारखं. तिथे मी थांबले नाही. प्रेतं जाळायच्या भट्टीच्या खोलीतूनही लगेच बाहेर आले. भट्ट्या शेजारच्या एर्फुर्टमधल्या टोप्फ उंड झ्योने या कंपनीच्या.

बाहेर आलं की कुंपणापलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर, अस्वलांचा पिंजरा. छोटं प्राणीसंग्रहालय होतं ते, छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाच्या लोकांना आणि त्यांच्या बायकामुलांना विरंगुळा म्हणून. दगडी भिंत अजून आहे. तिथून धुराडं दिसतं. म्हणजे पोरं अस्वलं बघायची तेव्हाही दिसत असणार. अमेरिकन सैन्याने १६ एप्रिल १९४५ ला वायमारच्या हजारेक लोकांना वर आणून छावणी दाखवली, तेव्हा "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणणारे पुष्कळ होते. धुराड्याकडे बघत मी तेच वाक्य मराठीत म्हणून पाहिलं. आपल्याही तोंडी सहज बसतं.

आणखी एक गोष्ट पटकन सांगून टाकते, कारण ती बरेच जण गाळतात: युद्ध संपल्यावर सोव्हिएतांनी इथेच १९५० पर्यंत स्वतःची छावणी चालवली. २८,००० माणसं, सात हजारांवर मृत्यू, मुख्यतः उपासमार आणि रोगराई.

परत निघताना भाचीने मैदानात जमिनीलगतची एक धातूची चौकोनी पाटी दाखवली, स्मारक म्हणून बसवलेली. होर्स्ट होहाइझेल आणि आंद्रेआस क्निट्झ या कलाकारांची, १९९५ ची. तिच्यावर इथे कैद झालेल्यांचे देश आणि समूह कोरलेत. "हातमोजा काढ," ती म्हणाली. मी गुडघ्यावर बसले, तळवा टेकवला. कोमट. बारा महिने ३७ अंशांवर ठेवतात, माणसाच्या अंगाइतकी. भोवती गवतावर हिमाचा पातळ थर होता आणि त्या चौकोनावर काही नव्हतं. कोरीव अक्षरांवरून बोट फिरवत मी किती वेळ बसले माहीत नाही. गुडघे ओले झाले तेव्हा उठले.

बसमध्ये भाचीने वही मागितली. उलटसुलट करून बघितली.

"मावशी, हे आरशातलं आलंय. एस बघ, उलटा आहे."

"बाहेर उभी राहून काढलं ना," मी म्हटलं.