'मेक'चं खणकाम: कणकेच्या गोळ्यापर्यंत

इंग्रजी शब्दांची मुळं खणण्याच्या माझ्या छंदात 'क्रिएट' हा शब्द आवरला. लॅटिन 'क्रेआरे'चं 'क्रेस्केरे'शी, म्हणजे वाढण्याशी असलेलं नातं आणि त्याच कुळातली धान्यदेवी केरेस, जिच्या नावावरून नाश्त्याचं सीरियल आलं, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं. म्हणून आता 'मेक' घेतला. दिसायला साधा, पण आवाका भयंकर. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढची फेरतपासणी 'एम' अक्षरापासून सुरू झाली आणि २००० साली 'मेक'ने तो मान पटकावला. २००७ मध्ये 'पुट'ने आणि २०११ मध्ये ६४५ अर्थांच्या 'रन'ने त्यालाही मागे टाकलं.

अर्थांच्या जंगलात न शिरता मी आधी मुळाकडे गेलो. जुन्या इंग्रजीत 'माकिअन', जर्मनमध्ये 'माखन', डचमध्ये 'माकन'. त्याच्या मागे 'मग्' हा धातू मानतात: मळणं, आकार देणं, नीट बसवणं. ग्रीकमधली 'माझा' म्हणजे सातूच्या पिठाची भाकर याच घरातली. ती लॅटिनमध्ये 'मास्सा' म्हणजे गोळा झाली आणि तिथून इंग्रजीत 'मास' आला. 'ग'चा 'क' कसा झाला म्हणाल, तर आपल्या बैलांचं जू आठवा. जू संस्कृत 'युग'मधून आलं आणि इंग्रजीत त्याचा भाऊबंद 'योक'. जर्मानिक म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळातल्या भाषांत मूळ 'ग'चा 'क' होणं हा नियमच आहे.

आता मोहाची जागा. मळण्याचाच आणखी एक धातू आहे, 'धिघ्'. त्यातून इंग्रजी 'डो' म्हणजे भिजवलेली कणीक, लॅटिनमार्गे 'फिगर' आणि 'फिक्शन', आणि संस्कृत 'देह'. 'लेडी'सुद्धा मुळात पाव मळणारी. कादंबरी आणि शरीर दोन्ही मळून केलेली, हे वाचून मी हरखलोच. पण 'मेक'ला या घरात घुसवायचं नाही. अर्थ शेजारी आले म्हणजे रक्ताचं नातं ठरत नाही. ध्वनी जुळायला हवेत. 'मशीन'चंही तसंच. ते ग्रीक 'मेखाने'मधून आलं, आणि त्याचा धातू 'शक्य असणं' या अर्थाचा, वेगळा. 'मेक'शी त्याची नुसती तोंडओळख.

'मॅच'ने मात्र मजा आणली. जोडीदार किंवा सामना या अर्थाचा 'मॅच' हा 'मेक'चा नातलग, 'नीट बसणारा' या छटेतून आलेला. काडेपेटीतला 'मॅच' (ज्याच्यावरून आपली माचिस) जुन्या फ्रेंचमधल्या दिव्याच्या वातीचा. म्हणजे क्रिकेटची मॅच आणि माचिस, स्पेलिंग एक, कुळं दोन.

सगळ्यांत जास्त वेळ रमलो ते सत्तांतरात. जुन्या इंग्रजीत घडवण्याचं मुख्य काम 'वर्क'च्या पूर्वजाकडे होतं. त्याचा भूतकाळ 'रॉट', तोच बाल्कनीच्या रॉट आयर्नच्या खुर्च्यांत उरला आहे. 'प्लेराइट'मधला 'राइट'ही लिहिणारा नव्हे, घडवणारा, आणि स्पेलिंगही (write नव्हे, wright) तेच सांगतं. पुढे 'मेक'ने हे काम बळकावलं. इतकं वापरलं गेलं की 'माकेदे' झिजून 'मेड' उरलं. 'बेक' मात्र 'बेक्ड'च राहिला. झीज वापराच्या प्रमाणात होते, याचा याहून स्वच्छ नमुना मला तरी ठाऊक नाही.

स्कॉटलंडमध्ये कवीला 'मकार' म्हणजे घडवणारा म्हणतात. तिथला राष्ट्रकवी अधिकृतपणे मकारच असतो. २००४ साली एडविन मॉर्गन हे पहिले. ग्रीक 'पोएतेस'चा अर्थही घडवणाराच, त्यामुळे स्कॉट लोकांनी स्वतंत्रपणे जुळवलं की ग्रीकाची सावली पडली, यावर माझं मत पहिल्या बाजूला झुकतं. मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरही पद्यरचनेला 'मेकिंग'च म्हणायचा.

पुढचा मुक्काम 'वर्क'. ग्रीक 'एर्गोन' त्याचा सख्खा भाऊ, 'एनर्जी' आणि 'सर्जन' पुतणे. संस्कृत 'सर्जन'शी त्या डॉक्टरचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण कोणीतरी विचारणारच.