टाचेतला दोरा

आळंदीहून निघताना ठरवलं होतं रोज डायरी लिहायची, ती दिवे घाटातच संपली. सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान सगळं एकात एक मिसळलंय, फोटोवरच्या तारखा बघितल्या की कळतं कुठला दिवस कुठला. लोणंद नक्की आठवतं कारण तिथे माझी चप्पल गेली. वारीत चप्पल चोरून कोणाला पुण्य मिळत असेल देव जाणे. घाईत घेतलेल्या नव्या चपलेने चांदोबाच्या लिंबापर्यंत डाव्या टाचेला हा एवढा फोड, उभं रिंगण मी एका पायावर बघितलं.

बरड सोडलं त्या दिवशी मी दिंडीच्या मागेच पडले. आमचे विणेकरी काका जाता जाता म्हणाले, "माऊली चालवून घेतात." मला चिडच आली. 2021 ला नवरा गेला तेव्हाही सगळे असंच काहीतरी म्हणत होते, त्याची इच्छा, त्याच्या मनात असेल. ऑक्सिजन बेड मिळत नव्हता त्यात कसली आलीये इच्छा? तरी मी वारीला आलेच ना, ते का आले हे मला अजून नीट सांगता येत नाही.

धर्मपुरीच्या पुढे रस्त्याच्या कडेला बसले तर एक आजी समोर येऊन उकिडव्या बसल्या. परभणीकडच्या, दिंडी कुठली ते विचारायचं राहूनच गेलं. काही न बोलता माझा पाय मांडीवर घेतला, मला इतकं कसंतरी झालं, त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या. पिशवीतून सुईदोरा काढला, सुई फोडातून आरपार घातली आणि दोरा दोन्हीकडून कापून आत तसाच ठेवला. पाणी झिरपत राहतं, कातडं निघत नाही. वर हळद-खोबरेल. "उद्या पळशील माय."

आणि तेवढ्यात आभाळ फाटलं. पाऊस नंतर, आधी वीज. मोकळा माळ, लोक पळत सुटले, रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली हीऽ गर्दी, मीपण लंगडत तिकडेच निघाले तर आजींनी मनगट धरलं. "झाडाखाली नगं." जवळच्या शेतात खोलगट जागा बघून मला बसवलं, पाय जुळवून, डोकं गुडघ्यात, आणि प्लास्टिकचा कागद दोघींवर. मग हरिपाठ सुरू केला, भरदुपारी! कडाका झाला की थांबायच्या, विसरायच्या, परत पहिल्यापासून. माझ्या हातावर त्यांचा हात होता तो थरथरत होता.

"आजी, घाबरलात का?"

"घाबरले की. म्हनून तर म्हनायले."

मग मधेच, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या, "माझा दीर असाच गेला, आंब्याखाली. तितं काय इठ्ठल नव्हता? व्हता. त्याच्या मनात काय ते त्याला म्हाईत, पर मी झाडाखाली बसत न्हाई."

तेच वाक्य. राग आला नाही असं नाही, पण कमी आला. पुढच्या कडाक्याला त्या थांबल्या तर मीच पुढचं म्हणायला लागले, चुकीचं म्हणत होते बहुतेक, त्यांनी सुधारलं नाही.

अर्ध्या तासाने ऊन. लिंबाखालचे सगळे सुखरूप होते, हसत होते, कुठेतरी पखवाज परत घुमायला लागला. मी चपला धुवून वर बघते तर आजी नाहीत. नातेपुत्याच्या तळावर शोधलं, पण "आजी" म्हणून शोधणार कसं, तिथे लाखभर आजी.

माळशिरस, वेळापूर, वाखरी झालं. पंढरपुरात मुखदर्शन घेतलं, पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायची ताकद नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. घरी आल्यावर चौथ्या दिवशी आंघोळ करताना टाचेतला दोरा निघून हातात आला. हिरवा होता, मी इतके दिवस काळा समजत होते.