स्प्लेंडरचा मागचा ब्रेक: तिसऱ्या रविवारी चोर सापडला

बाबांची १९९९ ची स्प्लेंडर. मागचा ब्रेक तीन आठवड्यांपासून त्रास देऊन राह्यला होता, पायडल दाबलं की अर्ध्यातच अडकायचं, वर यायलाही वेळ लावायचं. दारव्ह्याहून गावाकडं येताना रपट्याच्या उतारावर मागे बियाण्याची पिशवी होती, पूर्ण पाय दाबला तरी गाडी हळू होईना, गिअर खाली घेऊन आन पुढच्या ब्रेकवर थांबवली. तेव्हाच ठरवलं की चक्का खोलल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

तोवर मी ब्रेकच्या रॉडचा (पायडलपासून मागच्या चाकाकडं जाणारी सळई) मागचा नट आवळण्यावरच भागवत होतो. पायडल दाबल्यावर आर्म (रॉड ओढतो ती चाकाजवळची पट्टी) आन रॉडमधला कोन ९० अंशापुढं गेला की जोर वाया जातो, म्हणजे लायनर (ब्रेकमधला घासला जाणारा थर) संपले असं समजायचं. पण माझा कोन तर चांगला दिसत होता! म्हणून मी लायनर ठीक धरून बसलो होतो.

खोलल्यावर कळलं. कॅमच्या (आर्मनं फिरून लायनर बाहेर ढकलणारा दांडा) टोकावर एक टिंब आहे, आर्मवर एक टिंब, दोन्ही समोरासमोर पाहिजेत, माझ्याकडं आर्म एक दाता सरकवलेला. म्हणजे आधी कुठल्यातरी गॅरेजवाल्यानं लायनर न बदलता आर्म मागं बसवला आन ब्रेक 'टाईट' करून दिला. बाहेरून कोन बरोबर, आत कॅम जवळजवळ आडवा झालेला. आतल्या दोन लायनरपैकी पुढचा दोन मिलिमीटरच्याही खाली, मागचा बराच जाड. एका बाजूनं जास्त झिजणं तसं नॉर्मल आहे, ड्रम (चाकातला गोल डबा) फिरताना एक शू (लायनर चिकटवलेला कमानी तुकडा) आपोआप ओढला जातो, तोच लवकर झिजतो.

आन पायडल अडकायचं कारण वेगळंच. कॅमच्या दांड्यावर गंज आन त्यात आमची काळी माती वाळून सिमेंट झालेली, पांदणीतून पावसाळाभर गाडी चालली की हे होतंच. कॅम हातानं फिरेना. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला, सकाळी पॉलिश पेपरनं घासला, दांड्याला बोटभर ग्रीस, जास्त नाही, नाहीतर गरम होऊन लायनरवर येतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्यानं पुसा.

ड्रम आतून ११० मिलिमीटरचा, झिजून कमाल १११ चालतो असं आतच ओतलेलं आहे. व्हर्निअरनं मोजला तर ११०.४, म्हणून ठेवला. आतला काचेसारखा चकचकीत थर पेपरनं मारला, नवे लायनर आन स्प्रिंग टाकल्या.

बसवताना बाबा पायडल दाबून धरून बसले आन मी आक्सलचा नट आवळला, त्यानं शू ड्रमच्या मधोमध बसतात. ही युक्ती शेजारच्या काकांनी सांगितली, "ब्रेक दाबूनच आवळ, नाही तर एकाच अंगानं घासते." टॉर्क लिंकची (ब्रेकची प्लेट फिरू न देणारी पट्टी) कॉटर पिन नवी टाकली, पायडलला दोनेक सेंटिमीटर ढिल ठेवली.

आता चाळीस किलोमीटर झाले. त्याच रपट्यावर आज मुद्दाम थांबून पाह्यलं, पाय अर्धा दाबला आन गाडी थांबली. सकाळी गार असताना किंचित चूं करते, लायनर अजून बसायचे आहेत, आठवड्यानं परत नट पाहीन.