तुम्ही विचारलंत म्हणून: प्रबंध पुरस्काराला पाठवायचा का?

पीएच.डी.चा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, आटोपतो, पेढे वाटून होतात आणि आठवड्याभरात कोणी ना कोणी माझ्या दारात येऊन उभं राहतं. "मॅडम, विद्यापीठाच्या उत्कृष्ट प्रबंध पुरस्काराला माझा थीसिस पाठवू का? की ते सगळं आधीच ठरलेलं असतं?" हा प्रश्न मला फोनवर आला, लग्नाच्या पंगतीत आला, एकदा तर एसटीत शेजारच्या सीटवरून आला. दर वेळी घाईत उत्तर दिलं आणि ते अपुरं राहिलं. म्हणून आज बसून लिहिते आहे.

पाठवा.

पीएच.डी.चा प्रबंध मुळात वाचतं कोण? मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमावलीतही हेच आहे. पदवी मिळाली की प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जातो. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती सांभाळतं आणि आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. ही सोय फार मोलाची आहे, मी जवळजवळ रोज वापरते. पण एवढ्या गर्दीत तुमचा प्रबंध कोणी आपणहून उघडेल, याची वाट बघत बसू नका.

माझा प्रबंध काळ्या रेक्झिनच्या बाइंडिंगमध्ये, सोनेरी अक्षरांत, ग्रंथालयाच्या कपाटात उभा होता. नऊ वर्षांनी एका संदर्भासाठी तो काढला, तर शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी कोरी. एकही शिक्का नाही. पाच वर्षं त्यात घातली होती मी. त्या दुपारी कपाटापाशी उभं राहून जे वाटलं, ते अजून विसरलेले नाही. पुरस्काराचं परिपत्रक माझ्याही वेळी निघालं होतं, पण ते फलकावर लागलंच नाही. मला कळलं तेव्हा मुदत उलटून दोन महिने झाले होते. आता आमच्या विभागात ते परिपत्रक मी माझ्या हाताने लावते आणि शिवाय मुलांना फोन करते.

प्रबंध पुरस्कारासाठी गेला की त्याला आणखी तीन-चार वाचक मिळतात, आणि त्यांचं तुमच्या गाइडशी काही देणंघेणं नसतं. रक्कम, प्रमाणपत्र, पदवीदान समारंभातला फोटो हे सगळं चांगलंच आहे. पण मला विचाराल तर खरी कमाई हे वाचक.

आता दुसरा प्रश्न, ठरलेलं असतं का? गाइडचं नाव कधी कधी जड पडतं, हे मी नाकारणार नाही. एका समितीत प्रबंध न उघडता नुसत्या पहिल्या पानावर चर्चा चाललेली मी पाहिली आहे आणि त्या बैठकीतून उठून आले आहे. पण नंतर ज्या समित्यांवर काम केलं, तिथे माणसं प्रबंध घरी नेऊन वाचायची, पेन्सिलीने खुणा करून आणायची आणि तासन् तास भांडायची. म्हणून पाठवा म्हणते.

मुलं येतात ती मुख्यतः दोन गोष्टी सांगत. पानं किती झाली, आणि सॉफ्टवेअरने तपासल्यावर आधीच्या लिखाणाशी साम्य किती टक्के निघालं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे, त्यामुळे "मॅडम, फक्त सहा टक्के!" असं आनंदाने सांगितलं जातं. वाक्यं उचललेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. नवं काही सापडलं का, ते सॉफ्टवेअर सांगत नाही. आणि जाडीचं म्हणाल, तर १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या कमला भागवतांचा, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींचा, प्रबंध अवघा ४० पानांचा होता. वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाला लागणारं सायटोक्रोम-सी असतं, हे त्यांनी दाखवलं होतं. सांगण्यासारखं तेवढं होतं, तेवढं सांगितलं.

समितीला एखादा प्रबंध का भिडतो, हे मी एका उदाहरणाने सांगते. एका मुलीने धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीवर काम केलं होतं. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. तिने गृहीत धरलं होतं की टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाकडच्या, शेतांना पाणी कमी मिळत असणार. तीन गावांत तसं निघालंही. चौथ्या गावात पाण्याची पाळीच टेलकडून सुरू व्हायची आणि तिचं गृहीतक तिथे कोसळलं. तिने ते गाव गाळलं नाही. उलट त्या गावाला वेगळं प्रकरण दिलं आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की इथे माझा अंदाज चुकला.

त्या प्रकरणात एक तक्ता होता. रात्रभर पाटावर बसून घेतलेल्या नोंदी: गट नंबर, पाणी सोडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. मधल्या दोन ओळी कोऱ्या, आणि खाली टीप: "या वेळेत मला झोप लागली. नोंद नाही." आमच्यातल्या एका सदस्यांनी ते पान वाचून दाखवलं आणि क्षणभर कोणी बोललं नाही. तिथे सरासरी काढून आकडे भरणं किती सोपं होतं! त्या दोन कोऱ्या ओळींमुळे बाकीच्या सगळ्या आकड्यांवर आमचा विश्वास बसला.

तुमच्या विद्यापीठात असा पुरस्कार नसेल तरी थांबू नका. एक्झिम बँकेचा आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रातल्या प्रबंधांसाठीचा पुरस्कार १९८९ पासून आहे आणि परदेशात पीएच.डी. केलेल्या भारतीयांनाही तो खुला आहे. संगणकशास्त्रवाल्यांसाठी एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा आहे. यूजीसीने २०२४ साली देशभरातल्या १० प्रबंधांचा दर वर्षी गौरव करायची योजना जाहीर केली, पाच शाखांतून दोन-दोन, आणि त्यात भारतीय भाषांची शाखा स्वतंत्र आहे. मराठी विभागातल्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावं. यूजीसीसाठी शिफारस विद्यापीठाकडून जाते, तेव्हा गाइडना आणि विभागप्रमुखांना आधी भेटा. संकोच करू नका.

आणि सोबत जोडायचा सारांश स्वतः लिहा. मला काय सापडलं, ते पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. अर्धेअधिक सारांश विषयाचं महत्त्व सांगण्यातच संपतात. तो वाचणारा माणूस तुमच्या विषयातला नसतो, हे मनात धरून लिहा.

त्या वर्षी पुरस्कार फडवाल्या मुलीला मिळाला नाही. मी तिच्या बाजूने बोलले होते, मत कमी पडलं. पण समितीत जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता होते. बैठक संपल्यावर त्यांनी माझ्याकडून तिचा नंबर घेतला. त्या चौथ्या गावात पाळी टेलकडून का सुरू होते, याचं उत्तर प्रबंधात नव्हतं आणि त्यांना ते हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात दोघं मिळून त्या गावी गेले, म्हाताऱ्या पाटकऱ्याला भेटले. ती आता त्यावर लिहिते आहे. परवा तिने पहिला खर्डा पाठवला, त्यात कोऱ्या ओळी तीन आहेत.